पिठाला हात

देवनारला राहायचो तेव्हा कचऱ्याचा डोंगर पेटला की आई सगळ्यात आधी पिठाचा डबा झाकायची. दाराला ओलं फडकं त्याच्यानंतर, आमच्या नाकाला रुमाल त्याच्याही नंतर. धुराचा वास पिठाला लागला की भाकरीला लागतो, आणि दुसरं पीठ आठवडाभर यायचं नाही. एवढं साधं कारण होतं.

वडील माथाडी कामगार. मी पाचवीत असताना साखरेची गोणी उतरवताना त्यांची पाठ गेली ती गेलीच. ते घरी बसले आणि आई बाहेर पडली, चेंबूरला चार घरी स्वयंपाकाला. सकाळी सहाला निघायची, तीनला परत. आली की मी तिचे हात हुंगायची. कधी तुपाचा वास, कधी वेलदोड्याचा, शनिवारी लोणी आणि भाजलेल्या चीजचा. ताटात भाकरी आणि मिरचीचा ठेचा, आणि आईच्या बोटांना चीजचा वास. रडगाणं म्हणून सांगत नाही. होतं तसं सांगतेय.

शनिवारचा वास चौथ्या घरचा. त्या घरच्या बाई दर शनिवारी टार्ट करायच्या. टार्ट म्हणजे काय ते आईने मला असं समजावलं होतं: "मैद्याची ताटली आसती, काठ उभे केलेली. तिच्यात भाज्या भरायच्या, वरून चीज, आन भट्टीत ठेवायची. करंजी उघडी ठेवल्यावानी." भाज्या आई चिरायची, चीज आई किसायची, भांडी आई घासायची. असं अकरा वर्षं. पाहुण्यांपुढे ठेवताना बाई म्हणायच्या, सगळं मी स्वतः केलंय. उरली तर एक तुकडा आई डब्यातून आणायची. तोवर तो मऊ पडलेला असायचा. आम्ही तिघं तो वाटून खायचो आणि वडील म्हणायचे, "चिजाची भाकर बरी हाय, पर पोटाला लागंना."

मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातच नाही, गावाकडची सगळी भावकी धरली तरी पदवी घेतलेली पहिली मी. हे मी मिळेल तिथे सांगते, इथेही सांगितलं. मुलुंडला विम्याच्या ऑफिसात दावे तपासायची नोकरी लागली आणि आम्ही देवनार सोडून नाहूरला भाड्याच्या वन आरकेमध्ये आलो. आता कुणी पत्ता विचारला तर नाहूर म्हणते. देवनारला असताना मात्र कॉलेजात चेंबूर सांगायची. तेही लिहून टाकते, कारण ते खोटं मी बरीच वर्षं बोलले.

आईची घरं काही सुटली नाहीत. गुडघे सुजलेले, तरी नाहूरहून चेंबूर, दोन बस बदलून. मी म्हणायची, "सोड आता." ती म्हणायची, "सोडून काय करू? तुह्या बापासंग गप्पा हानू दिवसभर?" वडील कोपऱ्यातून म्हणायचे, "मी काय वाईट बोलतो का?"

माझ्या ऑफिसच्या इमारतीखाली एक छोटा कॅफे आहे. मालकीण माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, तोंडाने फटकळ. तिला टार्ट करून देणारी बाई मुलाकडे परदेशी गेली आणि काचेच्या कपाटातला एक खण रिकामा राहिला. मी चहा पिता पिता म्हटलं, "माझी आई करते."

हे अर्धंच खरं होतं. पूर्ण टार्ट आईने कधी केली नव्हती.

मालकीण म्हणाली, "शनिवारी अकराला एक घेऊन ये. अख्खी, कापायची नाही. अंडं नको, इथे चालत नाही. आवडली तर रोजच्या. नाही आवडली तर परत विचारायचं नाही हां, मला वेळ नाही. साडेअकराला अजून एक जण येतेय तिची घेऊन."

टेबलावर ठेवायचा छोटा ओव्हन आम्ही आधीच घेतला होता, घर बदलणाऱ्या कुणाकडून तरी, जुना. गुरुवारी ऑफिसातून आल्यावर मी मोबाइलवर बघत एकदा टार्ट करून पाहिली. बरी झाली. भाज्या आईने चिरल्या. आत्ता हे लिहिताना कळतंय, तिला मी दुसरं काही करूच दिलं नाही.

शनिवारी सकाळी सातला मी सुरुवात केली. थंड लोण्याचे तुकडे मैद्यात टाकायचे, बोटांच्या टोकांनी चोळायचे, रव्यासारखं झालं की दोन चमचे गार पाणी शिंपडायचं आणि नुसतं गोळा करायचं. मळायचं नाही. आज सुट्टी टाकलीय म्हणून आई घरीच होती, शेजारी उभी राहून बघत होती. परातीत तो भुरभुरीत ढीग बघून तिला राहवेना, तिचा हात पुढे आला.

"आई, पिठाला हात लावू नकोस हां."

तिने हात मागे घेतला. हाताला काही लागलं नव्हतं, तरी पदराला पुसला आणि ढोबळी मिरची चिरायला बसली. मी गोळा झाकून फ्रीजमध्ये ठेवला, अर्धा तास, आणि आंघोळीला गेले.

आमच्याकडे गीझर आणि ओव्हन एकदम लावला की खटका पडतो आणि घर अंधारात. म्हणून वडिलांनी स्विचबोर्डाखाली खुर्ची टाकली होती. "मी हितंच बसतो. कुनी काय लावलं की वरडतो," म्हणाले. माथाडी बोर्डाचा बिल्ला अजून आहे त्यांच्याकडे. तो लावून बसायचे तेवढे बाकी होते.

आंघोळ करून आले, गोळा काढला. मऊ, गुळगुळीत, पुरीच्या पिठासारखा चमकत होता. मला वाटलं, व्वा, फ्रीजने काम केलं. लाटायला घेतला तर पोळी मागे मागे यायला लागली. एका बाजूला ओढली की दुसरी बाजू आत. तरी मी ओढून ओढून टिनमध्ये बसवली, वर बटर पेपर, त्यावर वजनाला राजमा.

"राजमा भाजून खायचाय का?" वडील.

"फुगू नये म्हणून असतो, बाबा."

"मग माह्या पोटावर बी ठेव थोडा."

आई हसली नाही. एरवी हसली असती.

साडेआठला टिन बाहेर काढला. काठ राहिलेच नव्हते. घसरून खाली आले होते आणि तळाशी एक जाड चकती आक्रसून बसली होती. मी चमच्याने ठोकलं. टक टक वाजलं, खापरावर वाजतं तसं.

मी आईकडे बघितलं. ती कांदा चिरत होती, अगदी बारीक, गरज होती त्याहून बारीक.

"आई, तू पीठ मळलंस?"

"फुटत व्हतं ते. भुरभुर भुरभुर. आसं पीठ कुनी लाटतं का? जरा तिंबलं."

"किती?"

"चांगलं. धा मिनिटं."

मी ओरडले. खोटं कशाला सांगू, शेजारच्या खिडकीतला माणूस बघायला आला एवढं ओरडले. तुला सांगितलं होतं ना हात लावू नकोस म्हणून, एवढी साधी गोष्ट ऐकता येत नाही, मोबाइलवर स्पष्ट लिहिलंय, मी वाचून करतेय ना, तुला काय गरज होती. वडील "हळू, हळू" म्हणत होते. माझ्या आवाजात ऑफिसातला आवाज आला होता, ज्या आवाजात मी एजंटला सांगते की तुमचे कागद अपुरे आहेत.

आईने सुरी खाली ठेवली.

"अकरा वर्सं हेच ऐकलं," ती म्हणाली. "त्या घरी. 'मावशी, तुम्ही पिठाला हात लावू नका.' पोळ्याच्या कनकीला चालायचा माहा हात. भाजीला चालायचा, चिजाला चालायचा. पाव्हन्यापुढं जायचं ह्या एका पिठाला तेवढा नाही. म्या कधी इचारलं नाही का म्हनून. काय इचारायचं? आपन कोन, कुठनं येतो, त्यान्ला ठाव व्हतं. आन आता माह्या घरात बी तेच?"

ओव्हनचा काटा तेवढा टिकटिकत होता.

त्या बाईंच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. गरम हातांनी लोणी वितळतं, हे खरंच आहे. मीही त्याच कारणाने म्हटलं होतं. पण त्यांनी अकरा वर्षांत कारण सांगितलं नाही. आणि मीही सांगितलं नव्हतं. त्या सकाळी त्या बाईंमध्ये आणि माझ्यात आईला काही फरक दिसायचं कारण नव्हतं.

पण हे मी आत्ता लिहितेय. तेव्हा मी तेवढी शहाणी नव्हते. तेव्हा मी म्हटलं, "जाऊ दे. मी मालकिणीला फोन करते, पुढच्या शनिवारी आणतो म्हणून."

"ती म्हनली ना परत इचारायचं नाही."

"मग नाही तर नाही. तुझी घरं आहेतच."

"घरं न्हाईत," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"काल सोडून आले. चारी."

वडील खुर्चीतून उठले, पाठ धरून. त्यांनाही माहीत नव्हतं. "आगं, आधी सांगायचं तरी!"

"सांगितलं आसतं तर सोडू दिलं आसतं का तुमी?"

घड्याळात पावणेनऊ. नाहूरहून मुलुंडला रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं धरली तर हातात दोन तासही नव्हते. फ्रीज उघडला. लोणी उरलं होतं लागतं त्याच्या निम्मं. दुकान समोर आहे, पण दहाच्या आत शटर वर जात नाही. मी फ्रीजचं दार धरून उभी राहिले. बी.कॉम. डिस्टिंक्शन, आणि पुढे काय ते सुचत नव्हतं.

"का मळायचं नाही?" आईने मागून विचारलं. "ते तरी सांग आता."

मी मोबाइल ओट्यावर उपडा ठेवला. "तू करंजीला मोहन घालतेस ना?"

"व्हय. गरम."

"मोहन कमी पडलं तर करंजीचं काय होतं?"

"कडक व्हती. दात पडतेत."

"इथे पण तसंच. फक्त मोहन थंड घालायचं, आणि थंडच राहू द्यायचं. वितळलं तर गेलं. आणि पीठ मळलं की चिवट होतं, भाजताना आक्रसतं. म्हणून मळायचं नाही. म्हणून गरम हात लावायचा नाही."

आईने माझ्याकडे असं बघितलं की मला आजही ते आठवलं तर मान खाली जाते.

"एवढंच?" ती म्हणाली. "मुठीत वळलं पाह्यजे आन बोटानं दाबलं की फुटलं पाह्यजे?"

"हो."

"ते मला येतं, बाई. चार घरच्या करंज्या दर दिवाळीला म्याच करते की. सरक तिकडं."

तिने बर्फाचा ट्रे भांड्यात उपडा केला, पाणी ओतलं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात बुडवले. बराच वेळ. बोटं लाल झाली तरी काढेना. मग कोरडे पुसले. लोणी निम्मं होतं, बाकी निम्म्याला फ्रीजमधलं थिजलेलं तूप तिने सुरीने खरवडून घेतलं. मी "तूप?" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती मैद्यात बोटं चालवत होती, झरझर, तळवा कुठेच टेकत नव्हता. मध्येच हात पुन्हा बर्फात. मग एक मूठ दाबली, उघडली. हातावर मुटका तसाच उभा. अंगठ्याने टोचला, फुटला.

"बसलं मोहन," ती म्हणाली.

गार पाणी शिंपडून तिने गोळा केला. मी लाटणं पुढे केलं. लाटायला गेली तर कडेने चिरा पडल्या. तिने लाटणं बाजूला सारलं.

"लाटायचं कशाला? थापते."

आणि टिनमध्येच गोळा ठेवून ती बोटांनी थापायला लागली, मधून कडेकडे, गोल गोल, भाकरी थापतात तशी, फक्त तळव्याशिवाय. कडेला आल्यावर अंगठ्याने वर चढवलं. जाड-बारीक होत होतं. मला ते दिसत होतं. मी हात मागे बांधून उभी होते, खरंच बांधून.

पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये. मग राजमा, मग ओव्हन. सव्वानऊ होऊन गेले होते. आईने तोवर कांदा, ढोबळी मिरची आणि मक्याचे दाणे कोरड्या तव्यावर परतून त्यांचं पाणी आटवलं. अंड्याच्या जागी आम्ही रात्रभर टांगलेल्या दह्याचा चक्का, थोडं दूध, कॉर्नफ्लोअर. टिन बाहेर काढला तेव्हा तिघंही वाकून बघत होतो. काठ उभे होते.

सारण भरलं, चीज टाकलं, पुन्हा आत. दहा मिनिटं झाली असतील आणि खट्. ओव्हनचा दिवा गेला, पंखा थांबला.

"कुणी काय लावलं?"

स्विचबोर्डाखालून वडील म्हणाले, "चहाची किटली." मग जरा थांबून, "लई टेन्शन आलतं म्हनून."

आईने बिनबिल्ल्याच्या त्या पहारेकऱ्याला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. खटका वर केला. ओव्हन पुन्हा तापेपर्यंत मी दारावर हात ठेवून उभी, जसं काही माझ्या हाताने ऊब राहणार होती.

दहा पस्तीसला टार्ट बाहेर आली. वर तांबूस, एका बाजूला जरा जास्तच. टिनसकट स्टीलच्या ताटात ठेवली, वर फडकं. आईने साडी बदलली होती कधी, मला कळलं नाही. रिक्षात तिने ताट मांडीवर धरलं आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला ड्रायव्हरला म्हणायची, "दादा, दमानं." तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मावशी, बाळ आहे का काय त्यात?" आई म्हणाली, "व्हय. गाडी चालव."

तरी एका ठिकाणी काठाचा तुकडा पडलाच. दोन बोटांएवढा. आईने तो उचलून परत जागेवर टेकवला. टेकला नाही.

कॅफेत पोचलो तेव्हा अकराला पाच कमी. मालकिणीने फडकं काढलं, तुटलेला काठ बघितला. टार्ट टिनमधून उचलून तिने खालून बघितली, बोटाने टिचकी मारली. मग सुरी घातली. कुर्र असा आवाज आला. आईने माझा दंड धरला. एवढा घट्ट की दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

मालकिणीने एक घास खाल्ला आणि खिडकीबाहेर बघत चावत राहिली.

"मीठ जास्त आहे," ती म्हणाली. "चीजला स्वतःचं मीठ असतं."

तिने काठ बोटाने चाचपला.

"पीठ कुणी केलं?"

बँकेत, दवाखान्यात, कुठल्याही खिडकीवर आईला काही विचारलं की उत्तर मी देते. लहानपणापासूनची सवय. तिचे फॉर्म मी सातवीपासून भरतेय. मी तोंड उघडलं, आणि आई म्हणाली, "म्या केलं."

"लाटलेलं नाही वाटत हे."

"न्हाई. थापलंय."

"तरीच काठ जाड-बारीक झालेत." मालकिणीने दुसरा घास घेतला. दुसरा घास घेतला हे मी बघितलं, आईने नाही, ती जमिनीकडे बघत होती. "तूप घातलंय?"

"निम्मं. लोनी कमी पडलं."

मालकिणीने तुटलेला काठ उचलून तोंडात टाकला.

"सोमवारपासून सहा आणा," ती आईला म्हणाली, मला नाही. "दहा नको, आधी सहाच बघू. मीठ निम्मं करा. काठ एकसारखे पाहिजेत, नाहीतर कापताना वाट लागते माझी."

"आन तूप?" आईने विचारलं. "काढू का?"

"तूप राहू द्या."

तेवढ्यात दारातून साडेअकराची दुसरी बाई आत आली, हातात झाकलेला डबा. लवकरच आली होती. मालकीण तिला म्हणाली, "बसा. तिखटाचं ठरलं, तुमच्याकडून गोड टार्ट जमते का बघते मी." आईने जाता जाता तिच्या डब्याकडे बघितलं आणि म्हणाली, "फ्रिजात ठेवायला सांगा हो, गरमी लई हाय."

घरी आलो तर वडिलांनी पहिली टार्ट, ती खापरासारखी, अर्धी संपवली होती. चहात बुडवून. "खारी म्हनून चालंल," म्हणाले.

आता सहाच्या दहा झाल्यात. दोन ओव्हन आहेत आणि घरमालकाने वायरिंग बदलून दिलंय. काठ अजूनही कधी कधी जाड-बारीक होतात. पीठ आई एकटी करते. मी सुट्टीच्या दिवशी भाज्या चिरते.

आई आता कुणाच्या घरी कामाला जात नाही.